पेंडीची पारख : पशुखाद्यासाठी वनस्पतिजन्य प्रथिनांची निवड

पशुखाद्याच्या खर्चात सर्वांत जड पडतो तो प्रथिनांचा वाटा. कडबा, उसाचे वाढे आणि गवत यांनी जनावराचे पोट भरते. मका, ज्वारी आणि भुस्सा यांतून ताकद मिळते. पण दूध, अंडी, मांस आणि वाढत्या वासराचे अंग घडते ते प्रथिनांतून. रोज दहा लिटर दूध देणारी गाय सुमारे ३०० ते ३५० ग्रॅम प्रथिने केवळ दुधावाटे देऊन टाकते. ज्वारीच्या कडब्यात प्रथिनांचे प्रमाण जेमतेम ३ ते ५ टक्के असते. त्यामुळे नुसत्या कडब्यावर ही भरपाई होत नाही आणि आंबोणाची गरज लागते. या आंबोणातला प्रथिनांचा मुख्य आधार म्हणजे पेंड. विदर्भ-खानदेशात तिला ढेप म्हणतात.

जगाच्या अनेक भागांत एकेकाळी मांस-हाडांची भुकटी आणि मासळीची भुकटीही पशुखाद्यात सर्रास वापरली जात असे. ब्रिटनमध्ये १९८६ साली गाईंमध्ये मेंदूचा एक जीवघेणा रोग ओळखला गेला. ‘मॅड काऊ’ या नावाने तो जगभर कुप्रसिद्ध झाला. रोगी जनावरांच्या अवशेषांपासून बनवलेल्या भुकटीतून तो पसरत असल्याचे दिसून आल्यावर १९८८ मध्ये ब्रिटनने रवंथ करणाऱ्या जनावरांना अशी भुकटी घालण्यावर बंदी आणली. पुढे युरोपीय संघाने १९९४ आणि २००१ मध्ये हे निर्बंध वाढवत नेले. मासळीची भुकटी उत्तम प्रथिने देते, पण ती महाग असते आणि तिचा पुरवठा समुद्राच्या मर्जीवर असतो. परिणामी जगातल्या पशुखाद्याचा भार वनस्पतिजन्य प्रथिनांवर आला. भारतातल्या गोठ्यात तो पूर्वीपासूनच होता.

वनस्पतिजन्य प्रथिनांचे पर्याय भरपूर आहेत, मात्र ते एकमेकांच्या बदली जसेच्या तसे वापरता येत नाहीत. पोत्यावर प्रथिनांचा आकडा सारखाच छापलेल्या दोन पेंडी जनावराच्या पोटात वेगवेगळ्या ठरतात. म्हणून निवड करताना चार गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात : ती पेंड कोणत्या जनावरासाठी आहे, तिच्यात कोणती अमिनो आम्ले आहेत, तिच्यात अपायकारक काय आहे, आणि तिच्यातले प्रथिन किती रुपये किलोने पडते.

आकडा येतो कुठून

पोत्यावर छापलेले ‘क्रूड प्रथिने’ हे प्रमाण प्रथिने थेट मोजून काढलेले नसते. डेन्मार्कचे रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत १८८३ साली नत्र मोजण्याची पद्धत शोधली. प्रथिनांमध्ये सरासरी १६ टक्के नत्र असते असे धरून, मोजलेल्या नत्राला ६.२५ ने गुणायचे आणि येईल तो आकडा प्रथिनांचा मानायचा, अशी ही रीत आहे. ती सोपी आणि भरवशाची असल्याने आजही जगभर चालते.

तिची मर्यादाही तिथेच आहे. नत्र प्रथिनांतून आले की आणखी कशातून, हे ही चाचणी सांगत नाही. युरियात ४६ टक्के नत्र असते, त्याला ६.२५ ने गुणले की २८७ टक्के ‘प्रथिने’ निघतात. म्हणजे १०० किलो खाद्यात एक किलो युरिया मिसळला, तर प्रथिनांचे प्रमाण कागदावर जवळजवळ ३ टक्क्यांनी वाढते. २००७ साली अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या खाद्यात मेलामाइन सापडले आणि २००८ साली चीनमध्ये ते लहान मुलांच्या दूध पावडरीत निघाले. दोन्ही ठिकाणी भेसळ झाली ती याच उणिवेचा फायदा घेऊन. म्हणून प्रथिनांच्या आकड्याबरोबर प्रथिनेतर नत्र, तंतू, वाळू-माती आणि ओलावा यांचेही आकडे पाहणे गरजेचे असते.

कोटीपोट असणारी आणि नसणारी जनावरे

गाय, म्हैस, शेळी आणि मेंढी यांच्या कोटीपोटात असंख्य जीवाणू, प्रोटोझोआ आणि बुरशी राहतात. आंबोणातली बरीचशी प्रथिने हे सूक्ष्मजीव फोडतात, त्यांतून अमोनिया तयार होतो आणि तोच अमोनिया वापरून ते स्वतःची प्रथिने बनवतात. पुढे हे सूक्ष्मजीव आतड्यात जाऊन पचतात, तेव्हा जनावराला त्यांची प्रथिने मिळतात. अमिनो आम्लांच्या दृष्टीने ही प्रथिने चांगल्या दर्जाची असतात. म्हणूनच गाय मध्यम प्रतीच्या पेंडीवरही चांगले दूध देऊ शकते.

हे काम नीट चालण्यासाठी सूक्ष्मजीवांना अमोनियाच्या जोडीला त्याच वेळी ऊर्जाही लागते. मका, भुस्सा किंवा मळी कमी आणि लवकर फुटणारी पेंड जास्त, असे आंबोण दिले तर अमोनिया उरतो. तो रक्तात जातो, यकृतात त्याचा युरिया होतो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. शेतकऱ्याने पेंडीवर खर्च केलेला पैसा अशा वेळी मूत्रात वाहून जातो, शिवाय यकृतावर ताण येतो तो वेगळाच.

सर्व पेंडी कोटीपोटात सारख्या फुटत नाहीत. शेंगपेंड आणि मोहरीची पेंड यांतली बहुतांश प्रथिने तिथेच फुटतात. मका ग्लुटेन आणि खोबऱ्याची पेंड यांतला मोठा भाग न फुटता पुढे आतड्यात जातो. सरकी पेंड या दोन टोकांच्या मध्ये बसते. न फुटता पुढे जाणाऱ्या प्रथिनांना ‘बायपास प्रथिने’ म्हणतात. थोडे दूध देणाऱ्या गाईला सूक्ष्मजीवांची प्रथिने पुरतात. जास्त दूध देणाऱ्या गाई-म्हशींना ती अपुरी पडतात आणि बायपास प्रथिनांची जोड द्यावी लागते. लवकर फुटणाऱ्या पेंडीवर फॉर्मल्डिहाइडची मोजकी प्रक्रिया करून तिची बायपास क्षमता वाढवण्याचे तंत्र राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने भारतात रुजवले आहे. ही प्रक्रिया कारखान्यातच व्हायला हवी; मात्रा जास्त झाली तर प्रथिने आतड्यातही पचत नाहीत.

युरियाचा वापर याच तत्त्वावर चालतो. सूक्ष्मजीव युरियातल्या नत्रापासून प्रथिने बनवू शकतात, म्हणून मोठ्या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या आंबोणात सुमारे एक टक्क्यापर्यंत युरिया नीट मिसळून देता येतो. वासरे, कोंबड्या आणि घोडे यांना तो अजिबात देऊ नये. वासराचे कोटीपोट जन्मतः तयार नसते. ते कामाला लागायला काही महिने जातात. तोवर वासराची पचनक्रिया कोंबडी किंवा डुकरासारखीच एकपोटी असते. खाद्यातली प्रथिने जशी असतील तशीच त्याच्या वाट्याला येतात, त्यात सुधारणा करणारे सूक्ष्मजीव मध्ये नसतात.

अमिनो आम्लांचा हिशोब

एकपोटी जनावराला खरी गरज असते ती अमिनो आम्लांची. यांपैकी सुमारे दहा अमिनो आम्ले त्याला शरीरात पुरेशी बनवता येत नाहीत. ती खाद्यातूनच मिळावी लागतात. त्यांतले एक जरी कमी पडले, तरी बाकीची असून वापरली जात नाहीत. त्यांचे नत्र वाया जाते आणि वाढ त्या एका कमी पडणाऱ्या आम्लाच्या मापात थांबते. मका-सोयाबीनच्या कोंबडीखाद्यात पहिली कमतरता बहुधा मेथिओनिनची असते, डुकरांच्या धान्यप्रधान खाद्यात लायसिनची.

सोयाबीनच्या १०० ग्रॅम प्रथिनांत सुमारे ६ ग्रॅम लायसिन असते. शेंगदाण्याच्या तेवढ्याच प्रथिनांत ते साडेतीन ग्रॅमच्या आसपास, तर मक्याच्या प्रथिनांत तीन ग्रॅम किंवा त्याहून कमी भरते. सोयाबीन पेंड आणि सॉल्व्हंट पद्धतीची शेंगपेंड, दोन्हींत प्रथिने ४५ टक्क्यांच्या घरात असतात. पण लायसिन सोयाबीन पेंडीत २.८ टक्क्यांच्या आसपास आणि शेंगपेंडीत साधारण १.५ टक्के मिळते. ब्रॉयलरच्या पिल्लांच्या खाद्यात लायसिनचे प्रमाण १.२ टक्क्यांच्या पुढे लागते. मका आणि शेंगपेंड एवढ्यावरच ते खाद्य बेतले, तर प्रथिनांचा आकडा जुळतो, लायसिन मात्र तोकडे पडते आणि पिल्ले खुरटतात.

उलट तीळ आणि सूर्यफूल यांच्या पेंडीत मेथिओनिन चांगले, पण लायसिन कमी असते. सोयाबीनची उणीव तीळपेंड भरून काढते आणि तीळपेंडीची उणीव सोयाबीन. दोन वेगळ्या स्वभावाच्या पेंडी एकत्र दिल्या की खाद्य सकस होते, ते यामुळेच. आता लायसिन आणि मेथिओनिन कारखान्यात तयार होतात. ते थोडे मिसळले तर एकूण प्रथिनांचे प्रमाण एक-दोन टक्क्यांनी उतरवता येते. त्यातून खर्च वाचतो आणि विष्ठेतून बाहेर पडणारे नत्रही घटते.

घाणी, एक्सपेलर आणि सॉल्व्हंट

तेलबियांतले तेल काढल्यावर जे उरते ती पेंड. तेल काढण्याच्या पद्धतीनुसार तिचा गुण बदलतो. घाणीच्या किंवा एक्सपेलरच्या पेंडीत साधारण ६ ते १० टक्के तेल राहते. त्यामुळे तिच्यातून ऊर्जा जास्त मिळते, चव चांगली असते, पण ती लवकर खवट होते. सॉल्व्हंट पद्धतीत हेक्झेनने तेल ओढून घेतले जाते आणि पेंडीत एक-दीड टक्काच तेल उरते. तेल कमी झाल्याने प्रथिनांचे प्रमाण वाढते आणि पेंड टिकाऊ होते. बाजारात हिला डीओसी म्हणतात.

टरफलाचाही मोठा फरक पडतो. सरकी, करडई आणि सूर्यफूल यांचे बी टरफलासकट दाबले तर पेंडीत तंतू भरपूर येतात आणि प्रथिने २० टक्क्यांच्या आसपास राहतात. सोलून दाबले तर तीच प्रथिने ४० टक्क्यांपर्यंत जातात. तंतू जास्त असलेली पेंड मोठ्या रवंथ करणाऱ्या जनावरांना चालते. कोंबडीला ते तंतू पचत नाहीत आणि तिच्या लहानशा पोटातली जागा मात्र अडते.

सरकी पेंड

महाराष्ट्राच्या गोठ्यात सरकी पेंडीला मानाचे स्थान आहे. कापूस पिकवणाऱ्या विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातून ती राज्यभर जाते. टरफलासकटच्या पेंडीत प्रथिने २० ते २३ टक्के असतात. तिच्यातले तेल आणि तंतू दुधाच्या फॅटला पोषक ठरतात, जनावरे ती आवडीने खातात, आणि तिच्या प्रथिनांचा बराच भाग बायपास होतो. म्हशीचे दूध फॅटवर विकले जात असल्याने म्हैसपालकांचा तिच्यावर विशेष भरवसा आहे.

सरकीच्या बियांत गॉसिपॉल नावाचे पिवळे रंगद्रव्य असते. किडींपासून बचाव व्हावा म्हणून कपाशीचे झाड ते तयार करते. जनावराला ते अपायकारक असते. कोटीपोटातले सूक्ष्मजीव आणि तिथली प्रथिने मोठ्या जनावरात ते बऱ्याच अंशी बांधून ठेवतात. वासरांत ही सोय नसते. त्यांना सरकी पेंड सतत दिली तर हृदय आणि यकृत बिघडते, धाप लागते आणि मृत्यूही ओढवू शकतो. पैदाशीच्या वळूंच्या बाबतीतही ती बेताने द्यावी, कारण गॉसिपॉलचा वीर्यावर वाईट परिणाम होतो. अंड्यावरच्या कोंबड्यांना ती दिली तर साठवणीत अंड्यातील बलक हिरवट-तपकिरी पडतो. खाद्यात लोहाचे क्षार मिसळल्यास गॉसिपॉल बांधले जाते आणि त्याचा त्रास कमी होतो.

टेक्सास ए अँड एम विद्यापीठातले भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ कीर्ती राठोड यांनी पाने आणि खोडातले गॉसिपॉल तसेच ठेवून केवळ बियांतले कमी करणारे कपाशीचे वाण तयार केले. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१८ मध्ये त्याच्या लागवडीला वाट मोकळी केली आणि २०१९ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने त्याची सरकी खाण्यासाठी वापरण्यास मान्यता दिली. असे वाण रुळले, तर एकपोटी जनावरांसाठीही सरकीचा वापर वाढू शकेल.

शेंगपेंड

शेंगदाण्याची पेंड चवीला सर्वांत सरस. प्रथिने ४० ते ४५ टक्के, तंतू कमी, पचायला हलकी. नव्याने व्यालेल्या, खाणे मंदावलेल्या गाईला ती चटकन चारता येते. मात्र तिच्यात लायसिन आणि मेथिओनिन कमी असतात, आणि कोटीपोटात ती लवकर फुटते.

तिचा मोठा धोका बुरशीचा. इंग्लंडमध्ये १९६० साली काही महिन्यांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी यकृत निकामी होऊन मेले. कारण कळेना म्हणून त्या रोगाला ‘टर्की एक्स’ असे नाव पडले. शोध घेता घेता ब्राझीलहून आलेल्या शेंगपेंडीपर्यंत माग लागला. त्या पेंडीत अस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीने विष सोडले होते. त्यालाच पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. काढणीच्या वेळी पाऊस लागलेल्या किंवा नीट न वाळलेल्या शेंगांत ही बुरशी वाढते. उष्णतेने बुरशी मरते, तिने सोडलेले विष तसेच राहते. म्हणून पेंड शिजवून, उकळून ते जात नाही.

गाईने खाल्लेल्या अफ्लाटॉक्सिन बी१चा साधारण एक-दोन टक्के भाग, भरपूर दूध देणाऱ्या गाईंत त्याहूनही अधिक, एम१ या रूपात दुधात उतरतो. पहिल्याच दिवसात तो दुधात दिसू लागतो आणि दूषित खाद्य थांबवल्यावर तीन-चार दिवसांत ओसरतो. दूध तापवल्याने किंवा पाश्चरीकरणाने तो नष्ट होत नाही. भारतात दुधातल्या एम१ची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे, तर युरोपीय संघात ती ०.०५ इतकी कडक आहे. पेंडीची निवड गोठ्याच्या पलीकडे, दूध पिणाऱ्या मुलापर्यंत पोहोचते ती अशी.

सोयाबीन पेंड

जगातल्या कोंबडीखाद्याचा कणा म्हणजे सोयाबीन पेंड. टरफलासकट ४४ टक्के आणि टरफल काढून ४८ टक्क्यांपर्यंत प्रथिने, भरपूर लायसिन आणि उत्तम पचनीयता यांत तिची बरोबरी करणारी दुसरी पेंड नाही. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही देशातली सोयाबीनची प्रमुख राज्ये आहेत, आणि लातूर ही त्याची मोठी बाजारपेठ.

कच्चे सोयाबीन मात्र घातक ठरते. त्यात ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारे घटक असतात. सोयाबीन शिजवल्याशिवाय उंदरांची वाढ नीट होत नाही, हे ऑस्बोर्न आणि मेंडेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९१७ मध्ये दाखवून दिले. कारखान्यात हेक्झेन उडवून लावताना पेंड वाफेवर भाजली जाते, तेव्हा हे घटक निकामी होतात. उष्णता कमी पडली तर अडथळा शिल्लक राहतो; जास्त झाली तर लायसिन साखरेशी बांधले जाऊन पचेनासे होते आणि पेंड गडद तपकिरी दिसते. चांगली पेंड फिकट सोनेरी असते आणि तिला भाजल्याचा खमंग वास येतो.

कच्चेपणा ओळखण्याची चाचणी सोपी आहे. सोयाबीनमध्ये युरिएज नावाचे विकर असते आणि ट्रिप्सिन अडवणाऱ्या घटकांप्रमाणेच ते उष्णतेने मरते. पेंडीच्या भुकटीवर युरिया आणि फिनॉल रेड यांचे पिवळसर द्रावण टाकून थोडा वेळ थांबतात. विकर जिवंत असेल तर अमोनिया सुटतो आणि कणाकणांवर लालगुलाबी ठिपके उमटतात. संपूर्ण थर लाल झाला तर पेंड कच्ची आहे. एकही ठिपका उमटला नाही तर ती जास्त भाजली गेल्याची शंका घ्यावी. तुरळक ठिपके दिसले तर भाजणी योग्य झाली आहे. जास्त भाजल्याची खात्री करण्यासाठी पोटॅशच्या सौम्य द्रावणात किती प्रथिने विरघळतात ते मोजतात. हे प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली गेले तर पेंड करपली असे समजतात.

एकाच पेंडीवर सगळा भार टाकण्याचा धोका २०२१ मध्ये दिसला. सोयाबीनचे दर इतके चढले की कुक्कुटपालकांना खाद्य परवडेना. त्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी दिली. ज्यांच्याकडे पर्यायी पेंडींचा हिशोब तयार असतो, त्यांना अशा चढउतारात खाद्याचे सूत्र बदलून घेता येते.

इतर पेंडी

मोहरीच्या पेंडीत ३५ टक्क्यांच्या आसपास प्रथिने आणि चांगले मेथिओनिन असते. तिच्यातली ग्लुकोसिनोलेट्स ओलाव्यात फुटून झणझणीत वास सोडतात आणि थायरॉइडच्या कामात अडथळा आणतात. कॅनडात बाल्डुर स्टेफान्सन यांनी १९७४ मध्ये हे घटक कमी असलेले ‘टॉवर’ हे वाण आणले. कॅनोलाची सुरुवात तिथून झाली. भारतीय मोहरीची पेंड मात्र बेतानेच आणि हळूहळू सवय लावत द्यावी.

सूर्यफुलाच्या पेंडीत विषारी घटक जवळजवळ नसतात. टरफलाचे तंतू हीच तिची मर्यादा. करडईची पेंड सोलापूर-मराठवाड्याच्या कोरडवाहू पट्ट्यात परिचयाची आहे. ती चवीला काहीशी कडवट असते आणि टरफलासकट असेल तर तंतूंनी जड. खोबऱ्याची पेंड कोकण-गोव्यात मिळते. प्रथिने २० ते २२ टक्के, लायसिन कमी, पण बायपासचा गुण चांगला. उरलेल्या तेलामुळे पावसाळी हवेत ती फार लवकर खवट होते. जवसाची पेंड गाई-म्हशींना मानवते. कोंबड्यांना ती त्रास देते, कारण तिच्यातला एक घटक बी६ जीवनसत्त्वाला निष्प्रभ करतो. गवारीचा डिंक काढल्यावर उरणाऱ्या कोरम्यात प्रथिने भरपूर असतात, पण उरलेल्या डिंकाने कोंबड्यांची विष्ठा चिकट होते.

एरंडीच्या पेंडीत रायसिन हे तीव्र विष असते. एरंडी, करंज आणि कडुनिंब यांच्या पेंडी खतासाठी आहेत. त्यांचे तुकडे खाद्याच्या पेंडीत मिसळलेले आढळले, तर तो माल परत करावा.

चुनी, ग्लुटेन आणि डीडीजीएस

लातूर, अकोला आणि जळगाव इथल्या डाळमिलांतून तूर, हरभरा, उडीद आणि मूग यांची चुनी निघते. डाळीचे तुकडे, पीठ आणि टरफल यांच्या प्रमाणानुसार तिच्यातली प्रथिने साधारण १५ ते २० टक्के असतात. कडधान्यांचे लायसिन चांगले असल्याने ती धान्याला पूरक ठरते. मिलगणिक तिचा दर्जा बदलतो, म्हणून प्रत्येक खेपेला ती हातात घेऊन टरफल किती आणि डाळ किती हे पाहावे.

मक्यापासून स्टार्च काढताना मिळणाऱ्या ग्लुटेनमध्ये ६० टक्के प्रथिने असतात. लायसिन फार कमी, पण मेथिओनिन चांगले, आणि पिवळ्या रंगद्रव्यामुळे अंड्याचा बलक सुरेख पिवळा होतो. धान्यापासून इथेनॉल बनवणारे कारखाने वाढल्यापासून मका आणि तांदळाचे डीडीजीएसही (इथेनॉल काढल्यावर उरलेला, वाळवलेला चोथा) मुबलक मिळू लागले आहे. तांदळाच्या डीडीजीएसमध्ये प्रथिने ४५ टक्क्यांच्या आसपास भरतात. धान्यातला स्टार्च निघून गेल्यावर उरलेले सगळेच सुमारे तिप्पट घट्ट होते, आणि मूळ धान्यात बुरशीचे विष असेल तर तेही तिप्पट होते. म्हणून डीडीजीएस घेताना अफ्लाटॉक्सिनचा अहवाल मागावाच. त्याचा रंग गडद असेल तर वाळवताना ते जळाले असे समजावे.

शेतातली प्रथिने

सर्वांत स्वस्त प्रथिने बांधावर आणि चाऱ्याच्या वाफ्यात मिळतात. लसूणघासाच्या कोरड्या भागात १८ ते २२ टक्के प्रथिने असतात. चवळी, बरसीम, दशरथ घास आणि शेवग्याचा पाला यांच्यामुळेही पेंडीचा खर्च कमी होतो. कोवळा लसूणघास उपाशी जनावराला भरपूर चारला तर पोट फुगते, म्हणून तो कडब्याबरोबर कुट्टी करून द्यावा. अझोलाच्या कोरड्या भागात प्रथिने २० टक्क्यांच्या पुढे असतात. पण ताज्या अझोलात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असल्याने किलोभर अझोलातून १५-२० ग्रॅमच प्रथिने मिळतात. त्याच्याकडे पूरक म्हणूनच पाहावे.

सुबाभळीचा महाराष्ट्रातला प्रसार उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेने केला. तिच्या पाल्यात प्रथिने भरपूर असतात, पण मिमोसिन हा घटक केस गळणे आणि गलगंड यांना कारण होतो. हवाईतल्या शेळ्या हाच पाला खाऊन ठणठणीत राहतात, हे ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांच्या लक्षात आले. त्या शेळ्यांच्या कोटीपोटात मिमोसिनपासून होणारे विष फोडणारा जीवाणू होता. कोटीपोटातला द्रव दुसऱ्या जनावरांना देऊन ही क्षमता त्यांच्यातही आणता येते, हे १९८०च्या दशकात सिद्ध झाले. एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत सुबाभूळ ठेवली तर सहसा त्रास होत नाही.

पारख आणि साठवण

पेंड घेताना पोते उघडून हात आत खोल घालावा. आत उबट लागले, गोळे झाले असले किंवा कुबट वास आला तर बुरशी सुरू झाली आहे. वरून स्वच्छ दिसणारा खडा फोडून पाहावा. हिरवट-करडी भुकटी आतच सापडते. मूठभर पेंड ग्लासभर पाण्यात ढवळून ठेवली की वाळू-माती तळाशी बसते आणि भुसा वर तरंगतो. सरकी पेंडीत काळ्या टरफलांचे आणि रुईचे प्रमाण नजरेने कळते. तोंडात टाकलेला कण खारट-कडू आणि थंडसर लागला तर युरियाची शंका घेऊन नमुना प्रयोगशाळेत पाठवावा.

पेंडीतला ओलावा ११-१२ टक्क्यांच्या वर गेला की बुरशीला आमंत्रण मिळते. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत. पावसाळ्यात महिन्याभरापेक्षा जास्त साठा करू नये आणि आधी आलेला माल आधी संपवावा.

भाव आणि मिश्रण

पेंडीचा खरा भाव काढायचा तर किलोच्या किमतीला प्रथिनांच्या प्रमाणाने भागावे. समजा, सरकी पेंड ३६ रुपये किलो असून तिच्यात २२ टक्के प्रथिने आहेत, आणि सोयाबीन पेंड ४६ रुपये किलो असून तिच्यात ४६ टक्के प्रथिने आहेत. सरकी पेंडीतले एक किलो प्रथिन सुमारे १६४ रुपयांना पडते, सोयाबीन पेंडीतले १०० रुपयांना. किलोमागे दहा रुपयांनी महाग दिसणारी पेंड प्रत्यक्षात बरीच स्वस्त ठरते. तरीही सरकीतले तेल, तंतू आणि फॅटला मिळणारी मदत यांची किंमत वेगळी धरावी लागते. म्हणून दुभत्या म्हशीच्या आंबोणात दोन्हींचा मेळ घालणे बहुधा फायद्याचे पडते.

मिश्रणाचे प्रमाण काढण्याची एक सोपी रीत आहे. मक्यात ९ टक्के आणि सोयाबीन पेंडीत ४६ टक्के प्रथिने आहेत आणि २० टक्क्यांचे मिश्रण हवे आहे, असे धरू. २० मधून ९ वजा केले की ११ उरतात. हे पेंडीचे भाग. ४६ मधून २० वजा केले की २६ उरतात. हे मक्याचे भाग. एकूण ३७ भागांपैकी ११ भाग पेंड, म्हणजे १०० किलोत सुमारे ३० किलो पेंड आणि ७० किलो मका. यातला काही मका काढून भुस्सा आणि काही सोयाबीन काढून सरकी किंवा चुनी घालता येते. त्यात खनिज मिश्रण आणि मीठ मिसळावे, आणि प्रथिनांची पुन्हा बेरीज करून पाहावी.

निवडीचा क्रम असा राहतो : आधी जनावर आणि त्याचे वय, मग अमिनो आम्लांची किंवा बायपास प्रथिनांची गरज, मग अपायकारक घटक आणि बुरशीची खातरजमा, आणि शेवटी प्रथिनाच्या किलोमागचा भाव. भाव पहिल्यांदा पाहिला तर वासराच्या पुढ्यात सरकी आणि कोंबडीच्या पुढ्यात जवस येते. ठरलेली पेंडही एका दिवसात बदलू नये. कोटीपोटातल्या सूक्ष्मजीवांना नव्या खाद्याशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. म्हणून जुनी कमी करत आणि नवी वाढवत आठ-दहा दिवसांत बदल पुरा करावा, आणि त्या काळात दूध, शेण आणि खाण्याची ओढ यांवर रोज लक्ष ठेवावे.